पुढील शिक्षणाचा रकाना

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचा एक नियम आहे. गणपतीत मुलांचा गुणगौरव होतो, त्याचा अर्ज मराठीतच भरायचा. हिंदी-इंग्रजीत भरलेला अर्ज कार्यवाह सरळ परत पाठवतात. त्यामुळे मयूर विहारच्या आमच्या घरात ते काम माझ्याकडे येतं. मुलगा सरकारी खात्यात अधिकारी आहे, पण मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की त्याला घाम फुटतो. नात दिल्लीतच वाढली. ती ‘ळ’ काढते तो जिलबीसारखा दिसतो. मी चौथी पास. मराठी लिहिण्यात घरात माझ्यापेक्षा शिकलेलं कोणी नाही.

यंदा नात बी.एस्सी. झाली, वनस्पतिशास्त्र घेऊन. अर्जात नाव, परीक्षा, टक्के भरले आणि शेवटी रकाना आला, ‘पुढील शिक्षण’. आमच्या शाळेत जागा रिकामी सोडली की गुरुजी हातावर छडी मारायचे. ती सवय अजून गेलेली नाही. मी लिहिलं, ‘एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे.’ आणि अर्ज मुलाच्या हातात देऊन टाकला.

प्रवेश घेतलेला नव्हता. यादीत नाव लागलं होतं, एवढंच. सोमवारी सहापर्यंत हो म्हणायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. दुसरीकडे एका संस्थेने तिला हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजवरच्या म्हणजे तिथल्या टेकडीच्या जंगलातल्या झाडांच्या मोजणीसाठी बोलावलं होतं. वर्षभराचं काम. त्यांनाही सोमवारीच उत्तर हवं होतं. पंधरा दिवस पोरगी घरात येरझाऱ्या घालत होती. मला सगळं माहीत होतं. तरी लिहिलं, कारण मला ती एम.एस्सी. व्हायला हवी होती. खोटं कशाला बोलू?

शनिवारी पहाडगंजला कार्यक्रम झाला. सूत्रसंचालक काकांनी माझं वाक्य माइकवर खणखणीत वाचलं. टाळ्या पडल्या. नात नारळ घ्यायला वर गेली ती माझ्याकडे बघत बघतच. काका म्हणाले, “दोन शब्द बोल बेटा. मराठीत हं.”

ती म्हणाली, “नमस्कार. मी अजून डिसाइड नाही केलं. ते आजीने आपल्या मनाने लिहून टाकलं. तिचंच अभिनंदन करा.”

हॉल हसला. माझा मुलगा पहिल्या रांगेत बसून वरच्या पंख्याकडे बघत होता. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

मग जेवणं. मसालेभात घेईपर्यंत तिला सल्ल्यांवर सल्ले मिळाले. “एम.एस्सी., मग नेट, मग पीएच.डी. लाइन सोडू नको.” “एकदा गॅप पडला ना, की संपलंच. बिल्कुल!” मी प्रत्येकाला मान डोलावली.

वाढायला एक मुलगी होती. परभणीकडची, कलेक्टरच्या परीक्षेसाठी दिल्लीत येऊन राहिलेली. नातीने तिला विचारलं, “ताई, बी.ए.नंतर तू काय केलंस?”

“एम.ए.”

“मग?”

“मग आणखी एक एम.ए.”

“इतकी आवड होती?”

“आवड कसली गं! एम.ए.ला नाव घातलं की हॉस्टेल मिळतं, लायब्ररी मिळते, गावाकडं सांगायला बरं पडतं. खोलीसाठी शिकले मी, दोनदा. कोशिंबीर वाढू?”

“मग चुकलं असं वाटतं?”

“का चुकेल? मला दिल्लीत बसायला जागा पाहिजे होती, मिळाली. तुला काय पाहिजे?”

कोशिंबीर पानात पडत राहिली, नातीने पुरे म्हटलं नाही.

परतताना मेट्रोत ती मला म्हणाली, “आजी, मी एम.एस्सी.ला कशासाठी चालले होते सांगू? कॉलेजात असलं की पुढे काय, असं दोन वर्षं कोणी विचारत नाही.”

“मग काय करतेस?”

“तू सांग.”

“सांगितलं की. अर्जात.”

ती इतकी जोरात हसली की समोरच्या बाईने पिशवी जवळ ओढली. मी म्हणाले, “शिकायला मिळतंय तर सोडू नये. पाचवीची शाळा गावात असती तर मी गेले असते. कशासाठी म्हणून विचारलं नसतं.”

“तुला जायचं होतं, आजी. मला फक्त भीती वाटतेय.”

“कसली?”

“लोक म्हणतील, हिचं शिक्षण थांबलं.”

मी विचारलं, “झाडं तरी आवडतात का? की तीही अशीच घेतलीस?”

“आवडतात. पण तीन वर्षं शिकून निम्मी झाडं समोर आली तर मला ओळखता येणार नाहीत. फांदी न् फांदी पुस्तकातच पाहिली. आधी ती बघते. पुढच्या वर्षी वाटलं तर पुन्हा परीक्षा देईन.”

रविवारी बापलेकीचं वाजलं. तो म्हणाला, मिळालेली जागा कोणी सोडतं का? ती म्हणाली, मी सोडते. सोमवारी दुपारी तिने संस्थेला फोन करून येते म्हणून सांगितलं. तरी माझा मुलगा ऑफिसातून लवकर येऊन कॉम्प्युटर उघडून बसला. सहाला दहा कमी असताना म्हणाला, “बघ हं, अजून वेळ आहे.”

“बाबा, चहा गार होतोय.”

माझं मत आजही बदललेलं नाही. तिने एम.एस्सी. करावं असं मला अजून वाटतं आणि ते मी तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. ती ऐकून घेते.

त्या सोमवारी सहा वाजले. मुलाने कॉम्प्युटर बंद केला. “मग? आता काय?”

“आता उद्या मला पाचला उठव. सातला रिजवर पोचायचंय.”

“मी?” तो म्हणाला. सातच्या आधी उठलेलं मी त्याला त्याच्या लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

“एम.एस्सी.ला गेले असते तर आठलाही चाललं असतं,” ती म्हणाली आणि माळ्यावरचे जुने बूट शोधायला स्टुलावर चढली.