टाकीपुरता पाटील

"बाहेर ये आधी! बाहेर ये म्हणतो ना! ए, आत उभा राहू नकोस!"

घरमालक सर, पेशानं मास्तर, गच्चीवर उभे राहून ओरडत होते. मी त्यांच्या पाण्याच्या टाकीत होतो. पायात गमबूट, हातात ब्रश, डोक्यावर झाकणाएवढं आभाळ. त्या आभाळात सरांचं तोंड. थोड्या वेळापूर्वी हेच तोंड मला म्हणालं होतं, "पाटील, काम झालं की चहा घेऊनच जायचं बरं का."

झालं काय, तर अहमदपूरहून बाचा फोन आला. बा म्हणजे माझा बाप. मी फोन उचलला आणि रोजच्या सवयीनं म्हणालो, "जय भीम, बा!"

एवढंच.

पण आमच्या घरची रीत अशी, की समोरचा ज्या गावात असेल तिथपर्यंत आवाज आपल्या ताकदीनं गेला पाहिजे. फोन नुसता कानाला टेकवायचा. मी अहमदपूरच्या स्टँडावर शिंकलो तर चाकूरला एसटी थांबते, असा माझा लौकिक. त्यात सिमेंटची रिकामी टाकी. माझा 'जय भीम' चारी भिंतींवर आपटला, दुप्पट झाला, झाकणातून वर निघाला आणि गल्लीभर फिरून आला. झोपलेली कुत्री उठली. समोरच्या क्लासमधली पोरं पुस्तकं टाकून खिडकीत आली. हे मी वाढवून सांगतोय, कबूल. सर धावत वर आले, हे मात्र वाढवून सांगत नाही.

"काय म्हणालास तू फोनवर?"

"काही नाही सर. वडिलांचा फोन होता."

"तू पाटील आहेस ना?"

मी ब्रश घासायला लागलो. ती घासघाससुद्धा टाकीत घुमली.

आता मी पाटील कसा झालो ते ऐका.

लातुरात एका साहेबानं ॲप काढलं. पुण्यात शिकून आलेला, वयानं माझ्याहून लहान, बोलायला गोड. ॲपचं नाव 'आलोच'. नळ गळतोय, दुकानाचं शटर अडकलंय, संडास तुंबलाय, टाकी धुवायचीय, तर फोनवर बोट लावा, माणूस दारात. मी जुना चोकअपवाला. पाइपात हात घातला की अडकलेलं निघालंच म्हणून समजा. एका हॉटेलच्या पाइपातून मी एकदा फडकं, चमचे आणि हरवलेला मॅनेजर काढला होता. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या.

ॲपवर माझा फोटो लागला. खाली माझं खरं नाव, खरं आडनाव. चोकअपच्या ऑर्डरी धो-धो यायच्या. त्या आडनावाला कुणाची हरकत नव्हती. टाकीची ऑर्डर आली की मात्र मी अर्ध्या रस्त्यात असतानाच ती रद्द व्हायची. कारण लिहिलेलं असायचं, 'आता गरज नाही'. टँकरच्या पाण्यानं टाकीत बोटभर गाळ साचतो त्या लातुरात, टाकी धुवायची गरज इतक्या लवकर संपते हे मला माहीत नव्हतं.

साहेबानं मला समोर बसवून समजावलं. "चोकअप निघालं की गिऱ्हाईक तुला विसरतं. टाकीवालं गिऱ्हाईक परत परत बोलावतं. परत परत बोलावलं तरच ॲप जगतं. पैसे लावणारे मला एकच विचारतात, हा धंदा टिकेल का? मला जातीबितीचं काही नाही रे. मी तुझ्या ताटात जेवेन. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात मी कसा शिरू?"

आणि त्यानं फोनवर बोट फिरवलं. टाकीच्या पानावर मी पाटील झालो. चोकअपच्या पानावर मी मीच राहिलो. फोटो एकच. शर्टही तोच.

आमच्या कितीतरी पिढ्या पाटलाच्या दारापुढून खाली मान घालून गेल्या. ती पाटीलकी मला मिशी न वाढवता मिळाली.

खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. "या पाटील." "बसा पाटील." खुर्ची मिळायची. चहा कपात मिळायचा, बशीसकट. मीही ऐट करायचो. एका बाईंना सांगितलं, गावाकडं आमचं रान एवढं मोठं, की गडी एका टोकानं पेरत गेला तो कापणीलाच परत आला. बाई हसून म्हणाल्या, "अहो पाटील, मग टाक्या कशाला धुता?"

म्हणालो, "छंद."

सगळं घर हसलं. मीही हसलो. त्या दिवशी घरी आलो आणि ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "काय झालं वो?" म्हणालो, "लई चहा झाला." ती माझ्याकडं बघत राहिली. तिला थाप कळते. ही कुठली थाप आहे, ते तिला कळलं नसावं.

तर मी टाकीत आणि सर वर.

मी बाहेर निघायला लागलो तसे ते मागं सरकले. "तिकडून. कठड्याला हात लावू नको." तो कठडा मघाशी मीच पुसला होता. माझ्या देखत त्यांनी साहेबाला फोन लावला. "तुम्ही लोकांना फसवता. आम्ही हे पाणी पितो. देवाला हेच पाणी लागतं. दुसरा माणूस पाठवा. टाकी पुन्हा धुवायची."

टाकी अशी झाली होती, की तळाला टाचणी पडली असती तर गच्चीवरून दिसली असती. ती आता पुन्हा धुतली जाणार होती. गाळ काढायला नाही. मला काढायला.

मी जिना उतरलो. ब्रश, बादली, ओले बूट. दारापाशी आलो आणि वरून हाक आली. आवाज आता शांत होता. वर्गात शिकवताना असेल तसा.

"अरे, थांब जरा. आलाच आहेस तर मागच्या संडासाचं चोकअप काढून जा. कालपासून तुंबलाय."

मी वर बघितलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. टिंगलही नव्हती. दूधवाल्याला जाता जाता अर्धा लिटर जास्त मागावं, तसं मागत होते. ओरडले तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. पाण्याला माझा हात चालत नव्हता. घाणीला माझाच हात पाहिजे होता. आणि ह्यात काही वावगं आहे, हे त्या शिकल्यासवरल्या माणसाच्या मनातसुद्धा येत नव्हतं.

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"न्हाई काढणार," मी म्हणालो.

"का?"

"टाकीला चालत न्हाई, तर संडासाला बी चालायचं न्हाई."

"अरे, पण तुझं कामच ते आहे ना?"

मी दार उघडलं आणि बाहेर पडलो.

रस्त्यावर येऊन फोन काढला, तर फोन चालूच. गडबडीत तसाच खिशात कोंबला होता. तिकडं बा कानाला लावून बसलेला. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"बा?"

पलीकडून अहमदपूरचा बाजार ऐकू आला. हमालांची ओरड. टेम्पोचा हॉर्न.

"तुझं नाव बघायलो होतो फोनात," बा म्हणाला. "हॉटेलवाल्यानं काढून दिलं. म्हणलं, माझं पोरगं त्यात दिसतंय, समद्यास्नी दावावं. फोटू तुझाच निघाला. नाव दुसऱ्याचं निघालं. तेच इचारायला फोन केलता."

मी रस्त्याच्या कडेला सरकलो.

"हॉटेलवाला म्हणला, मामा, हे तुमचं न्हाई, पाटलाचं पोरगं हाय."

त्यानं फोन ठेवला. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. बुटातलं पाणी बोटांना थंडगार लागत होतं. ते सरांच्या टाकीतलं पाणी. बूट काढून ते रस्त्यावर ओतलं.

ऑफिसात गेलो तेव्हा साहेब चिडला नाही. पाण्याचा ग्लास पुढं केला. "एक गिऱ्हाईक गेलं म्हणून काय झालं? नांदेडला चालू करतोय आपण. तिथं तुला कोण ओळखतंय? तिकडं टाकीसाठी तुला देशपांडे करू. फक्त फोन सायलेंटवर ठेवत जा."

फक्त फोन सायलेंटवर. म्हणजे बाप सायलेंटवर. म्हणजे जय भीम सायलेंटवर.

मी म्हणालो, "दोन्ही पानांवर माझं नाव लिवा. ज्या घराला मी टाकीत चालतो, त्याच घराचा संडास काढणार. दुसऱ्या घराचा न्हाई."

"असं केलं तर सगळंच बंद पडेल."

"पडू द्या."

"तुझ्यासारख्यांसाठीच तर काढलं रे मी हे," तो म्हणाला. त्याला मनापासून तसं वाटत होतं, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. 'आलोच' लिहिलेला टी-शर्ट टेबलावर ठेवला आणि निघालो.

धंदा टिकेल का नाही, हे सांगायला पैसे लावणाऱ्यांकडं लई हुशार माणसं आहेत. मला एवढंच कळतं, की जो धंदा माझं नाव गिळल्याशिवाय उभा राहत नाही, तो बसला तर मला सुतक नाही.

आता गाडीला पाटी लावलीय. पूर्ण नाव, पूर्ण आडनाव. अक्षरं एवढी मोठी, की विमानातल्या माणसानं वाचावीत. खाली टाकी सफाई, त्याखाली चोकअप. फोन आला की पत्ता विचारायच्या आधी नाव सांगतो. बहुतेक फोन तिथंच कट होतात. बहिणीकडं राहून नांदेडलाही करून बघितलं. तिथंही तेच.

परवा बानं फोन केला.

"काम भेटायलंय का?"

"न्हाई."

"नाव सांगायलास का?"

"हाव."

"मग सांगत ऱ्हा."