अंगाची ऊब

“हातातून काढू नकोस, अंगाच्या उबेनं घड्याळ नीट चालतं,” असं घड्याळजी बायकोला एकदा म्हणाला होता. घड्याळ त्यानेच जुन्या सुट्या भागांतून जुळवलेलं. पुढे तिच्या मनगटाला खाज सुटली, पुरळ आलं. त्याने साबणाला नावं ठेवली, दोनदा पट्टा बदलून दिला. ती मलम लावायची आणि सूज उतरली की घड्याळ पुन्हा बांधायची. अशी नऊ वर्षं गेली.

आज डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढून उलटं केलं. “ॲलर्जी या मागच्या झाकणाची आहे. मलमानं दाह शमतो, पण हे बांधलं की पुरळ परत येणारच. आता मलमानं कातडीही पातळ झालीय. यांना मी पहिल्याच खेपेला सांगितलं होतं.”

घड्याळजी बायकोकडे वळला. “मला का नाही सांगितलंस?”

“काय बोलणार? गिऱ्हाइकांना माझा हात धरून दाखवायचात, बघा, एक मिनिट मागे नाही!” ती हसून म्हणाली.

ते झाकण त्यानेच निवडलं होतं, चकाकतं म्हणून. त्याने घड्याळ खिशात टाकलं आणि तो बाहेर पडला.