हँडलवरचा दुपट्टा

सिंदी रेल्वे या गावाहून रोज आमच्या शेडवर रंगकामाला येणाऱ्या मावशींमुळे माझा उजवा हात आज जागेवर आहे. मीही आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना अजून छाती धडधडते.

मी वेंगुर्ल्याकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि मिळेल ते काम करत इतक्या लांब, वर्ध्याजवळच्या या शेडमध्ये येऊन पोचलो. इथं मेट्रोच्या बोग्या जोडतात. बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट. काही शहरांत मेट्रोला डोक्यावर तार नसते. रुळांशेजारी तिसरा, विजेचा रूळ असतो. बोगीच्या दोन्ही बाजूंना बसवलेला ‘शू’, म्हणजे धातूची जीभच म्हणा, त्याच्यावर घासत वीज घेतो. चाचणीसाठी आमच्याकडे तसा थोडा रूळ टाकलाय, पण एकाच बाजूला.

बोगीखाली जाणाऱ्यानं उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला आपला दुपट्टा विजेच्या हँडलला बांधायचा, हा शेडचा रिवाज. तो तिथं असेपर्यंत हँडलला कुणी हात लावत नाही, साहेबसुद्धा.

त्या दुपारी मे महिन्याचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. माझा दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळलेला, सोडवेना. शिवाय मला शू पुसायचा होता तो अलीकडचा. विजेचा रूळ पलीकडे, मग इकडे भीती कसली? चिंधी घेऊन खाली सरकलो. हात पुढं केला.

तेवढ्यात कुणीतरी पाय धरून मला खस्सकन ओढलं. कोपर खरवडत बाहेर आलो.

“काऊन रे बाबू, दुपट्टा डोक्स्यावर काऊन हाय तुह्या?” मावशी होत्या. एका हातात ब्रश, दुसऱ्यात माझा बूट.

“मावशी, रूळ तिकडं आहे ना. मी इकडचंच पुसत होतो.”

“अन् हँडलले काय बांधलं? तुह्यं डोक्सं?”

चाचणीवाले दादा धावत आले. “हँडल मोकळं दिसलं, मी आत्ताच सप्लाय दिला,” एवढंच बोलले. मग लांब काठीचा टेस्टर माझ्या बाजूच्या शूला लावला.

दिवा लागला.

मी खालीच बसलो. रूळ नाही, तिथं वीज! वाटेत विजेचा रूळ कधी या बाजूला येतो, कधी त्या. म्हणून दोन्ही शू एकाच केबलनं जोडलेले असतात, दादा सांगत होते. एक रुळाला टेकला की दुसराही जिवंत. आणि ती केबल सकाळी मीच आवळली होती. या हातांनी. आवळली, पण ती कुठून कुठं जाते, हे मनात आलंच नाही.

दादांनी सप्लाय बंद केला. मावशींनी माझ्या डोक्यावरचा दुपट्टा सोडून हँडलला दोन गाठी मारल्या आणि स्वतःचा माझ्या डोक्यावर टाकला.

“पाणी पी. अन् घरी नको सांगजो, माय घाबरन तुही.”

आईला अजून सांगितलेलं नाही.

इतक्या बोग्या रंगवल्या, पण मावशी मेट्रोत कधी बसलेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, “नाई रे बाबा, खाली काय हाय ते मले मालूम हाय.” हाताची परतफेड कशानं होते, मला ठाऊक नाही. पण मावशी, तुम्हीच रंगवलेल्या बोगीवरच्या डब्यात, खिडकीशी, एक दिवस मी तुम्हाला बसवणार. नाई म्हणालात तरी.