वहिनी कालच निघाल्या

आमच्या सारजाबाई वहिनी कुठल्याही गावाला वेळेवर जात नाहीत. एक तर आदल्या दिवशी जातात, नाही तर गाडी सुटल्यावर. मुरुमच्या स्टँडवर त्यांना पोचवायचं काम त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून माझ्या गळ्यात आहे, त्यामुळं हे मी शपथेवर सांगू शकतो. मी त्यांचा धाकटा दीर, योगीराज. माझं कापडाचं दुकान आहे. डोकं लवकर तापतं, आणि ते तापवण्यात वहिनींचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

सगळी भानगड प्रस्थानाची. जुन्या माणसांना ठाऊक असेल. प्रवासाचा वार वाईट असला की आदल्या चांगल्या दिवशी सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ असं एका फडक्यात बांधायचं आणि गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला, असं धरतात. मग तो घरात जेवो, झोपो, भांडो, तो निघालेलाच. अट एवढीच की गाठोडं पुन्हा आपल्या घरात आणायचं नाही. जाताना शेजारून परस्पर उचलायचं. इतरांच्या घरातली ही रीत आजोबा-पणजोबांबरोबर गेली. आमच्या घरात ती वहिनींबरोबर आली आणि ठाण मांडून बसली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला उमरग्याला जायचं, तरी गाठोडं. आळंदला म्हैस आणायला जायचं, तरी गाठोडं. शिवाय म्हशीच्या मालकाला फोन करून म्हशीच्या नावची सुपारीही त्याच्या शेजाऱ्याकडं ठेवायला लावली होती. त्या बिचाऱ्यानं ठेवली. म्हैस विकायची म्हणजे माणूस काहीही करतो.

आमचं गाठोडं ठेवायची जागा ठरलेली, नसीमबीच्या घरातला कोनाडा. भिंतीला भिंत लागून घर. नसीमबी या प्रकाराला एकदाही हसली नाही. उलट गाठोडं हातात घेऊन ती दर वेळी विचारायची, "कुठं निघालीस, सारजाक्का?" वहिनी गावाचं नाव सांगायच्या, की मगच ती गाठोडं ठेवून त्यावर स्टीलचं भगुणं पालथं घालायची. ते भगुणं एका उंदरामुळं आलं. त्यानं एकदा रात्रीतून तांदूळ खाऊन टाकले, तर अर्धं प्रस्थान मोडलं म्हणून वहिनींनी सोलापूरच्या लग्नाला जाणं रद्द केलं. आहेराचं पातळ पोचवायला मला एकट्याला धाडलं, तेही सुपारीशिवाय.

तर अशा या वहिनींची एकुलती एक मुलगी शिवांजली मस्कतला असते. जावई नंदीश तिथं एका गोदामाचा हिशेब बघतो. शिवांजलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमान नको म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरालाच विमानात बसायची पाळी आली. आमचे थोरले बंधू विमानाला घाबरतात. त्यांनी म्हशीचं कारण पुढं केलं. राहता राहिल्या वहिनी.

तिकीट मी काढलं आणि वार बघितला नाही. निघाला रविवार. रविवारी पश्चिमेला जायचं नसतं म्हणे. वहिनी माझ्याकडं अशा बघत राहिल्या की मीच मस्कत पश्चिमेला नेऊन ठेवलंय. मग शनिवारी सकाळी गाठोडं नसीमबीकडं गेलं. "कुठं निघालीस, सारजाक्का?" "मस्कतला." नसीमबीनं भगुणं घालताना पहिल्यांदाच बिस्मिल्ला म्हटलेलं मी ऐकलं.

रविवारी हैदराबादच्या विमानतळावर मला दारातूनच परतवलं. पुढचं मी पाहिलं नाही, पण वहिनींनी इतक्यांदा सांगितलंय की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन. पासपोर्टावर शिक्का मारायला काचेपलीकडं एक तरुण बाई होती. तिनं शिक्का उचलला. वहिनींनी विचारलं, यावर तारीख कुठली? ती म्हणाली, आजची. वहिनींनी खिडकीतून हात घालून पासपोर्टाच्या पानावर पंजा ठेवला.

"आजची न्हाय मारायची, बाई. म्या काल निघालेय. आज रविवार हाय. पोरगी बाळंत व्हायचीय माझी. सरकारी कागदावर वाईट वार कशापायी चढवता?"

मागं रांग तुंबली. ती बाई आधी वैतागली असणार, मी असतो तर आरडाओरडा केला असता. पण तिनं चौकशी केली. वहिनींनी तिला सुपारी, कोनाडा, नसीमबी, भगुणं, सगळं सांगितलं. उंदीरही सोडला नसणार. शेवटी ती हसून म्हणाली, "ठीक है अम्मा, आप कल ही निकले. सरकार को एक दिन बाद मालूम पड़ता है, बस." वहिनींना हे पटलं, कारण सरकारचा त्यांचा आजवरचा अनुभव तसाच होता. त्यांनी हात काढला, शिक्का बसला.

त्या बाईनं रांग मोकळी करायला गोड बोलून वेळ मारून नेली. वहिनींनी मात्र त्याचा अर्थ असा घेतला की भारत सरकारनं प्रस्थानाला मान्यता दिली. मस्कतला पोचल्याबरोबर मला व्हिडिओ कॉल करून तसं कळवलंही. "बघा भावजी, तुमी हसत व्हता. सरकार मानतंय."

मी म्हटलं, मानो बापडं. तिथंच चुकलो.

शिवांजलीच्या बाळानं आजीच्या व्हिसाची काही कदर ठेवली नाही. दिलेली तारीख गेली, त्यापुढचीही गेली. नंदीशनं व्हिसा एकदा वाढवून घेतला, आता पुन्हा वाढायचा नाही असं ठरलं, आणि मग सोमवारी बाईसाहेब अवतरल्या. गोरीगोमटी मुलगी, आवाज थेट वहिनींचा. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. आणि वहिनींना देश सोडायची शेवटची मुदत त्याच आठवड्यातला बुधवार.

मुदतीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी दुकानात गिऱ्हाईक असताना नंदीशचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पार उतरलेला.

"काका, मामींना समजावा. त्या म्हणतात, मी गेले."

"कुठं गेल्या?"

"कुठं न्हाय. इथंच सोफ्यावर बसल्यात. समोरच्या जास्मिनभाभींच्या फ्रिजवर गाठोडं ठेवून आल्यात, आन् म्हणतात की मुदतीच्या आत देश सोडला."

मागून वहिनींचा आवाज आला, "सोडलाच की! आता शुक्रवारचं बारसं करते आन् शनिवारी इमानात बसते. तसंबी शनिवारी पूर्वेला जायचं म्हणजी प्रस्थान लागतंयच. एका सुपारीत दोन कामं."

जास्मिनभाभी गुलबर्ग्याच्या, त्यामुळं त्यांना आपली बोली कळत होती. पण त्यांनाही हे कळलं नव्हतं की फ्रिजवर त्यांनी एक आख्खी बाई ठेवून घेतलीय.

मी म्हटलं, "वहिनी, शेजारी फडकं ठेवल्यानं देश सुटत न्हाय. गेल्याची नोंद विमानतळावर होते."

"हैदराबादची ती बाई सरकारची व्हती का न्हाय?"

"व्हती, पण—"

"मग तिला एक दिवसानं कळलं, ह्यांना चार दिवसांनी कळंल. परका मुलूख हाय, जरा उशीर व्हायचाच."

नंदीश काकुळतीला आला. मुदत उलटून राहिलं तर दंड बसेल तो बसेल, पण पुढच्या खेपेला व्हिसा देताना अडवतील, मग नातीला बघायला कशा याल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी माझ्या स्वभावाप्रमाणं ओरडायला लागलो. गिऱ्हाईक साडी टाकून निघून गेलं.

मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "शिवांजलीच्या बारशाला म्या तापानं फणफणले व्हते, भावजी. तुमाला ठावं हाय. पाळणा भाइरच्या खोलीत, म्या आतल्या खोलीत. बाया गात व्हत्या ते ऐकू येत व्हतं. पोरीचं नाव काय ठिवलं ते मला दुसऱ्या दिशी कळलं. हे एक नाव तरी माझ्या तोंडानं निघू द्या की."

मला ठाऊक होतं. पाळण्याची दोरी तेव्हा माझ्याच हातात होती, आणि आत जाऊन वहिनींना नाव सांगावं हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. फोन धरून मी तागे आवरत बसलो.

तोडगा शिवांजलीनं काढला. लेक वहिनींचीच. पलंगावरून ती म्हणाली, "आई, माणसाच्या आधी त्याची सुपारी निघती ना? मग नाव का न्हाय निघणार? बारसं शुक्रवारीच करू. पण नावाचं प्रस्थान आज ठेव."

वहिनींनी यावर विचार केला. नियमात बसतंय का ते बघितलं. बसत होतं. मग बाळाला टोपडं घातलं, मांडीवर घेतलं, आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. नुसतं नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही. नंदीशनं फोन बाळाच्या अंगावर धरला होता, मला फक्त वहिनींची वेणी दिसत होती आणि ती हलत होती. मग टोपडं काढलं, त्यात सुपारी बांधली, आणि जास्मिनभाभींच्या फ्रिजवर वहिनींच्या गाठोड्याशेजारी नातीचं नाव जाऊन बसलं. शुक्रवारपर्यंत ते घरात कुणी उच्चारायचं नाही अशी सक्त ताकीद. नंदीशच्या तोंडून स्वयंपाकघरात एकदा ते निसटलं, तेव्हा त्याला बाहेर उभं करून चूळ भरायला लावली.

बुधवारी वहिनींनी स्वतःचं गाठोडं परस्पर उचललं आणि निघाल्या. मस्कतच्या विमानतळावर त्यांनी पासपोर्टाचं पान उघडून धरलं, तर तिथल्या माणसानं शिक्काच मारला नाही. नोंद कॉम्प्युटरात झाली, म्हणाला. वहिनींनी दोनदा बोटानं जागा दाखवली. त्यानं दोनदा मान हलवली.

हैदराबादला मी जीप घेऊन गेलो होतो. वाटेत वहिनींनी पासपोर्ट माझ्यासमोर धरला. "भावजी, मस्कतात आल्याचा शिक्का हाय. गेल्याचा न्हाय." मी घाबरून नंदीशला फोन लावला. तो म्हणाला, काळजी करू नका, कॉम्प्युटरात आहे सगळं. वहिनींनी पासपोर्ट जपून पिशवीत ठेवला आणि मुरुमपर्यंत गालातल्या गालात हसत राहिल्या. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. गाठोडं त्यांनी घरात नेलं नाही, जीपमध्येच ठेवलं.

शुक्रवारी आम्ही सगळे मोबाइलपुढं बसलो. नसीमबीही आली. तिकडं जास्मिनभाभी टोपडं घेऊन आल्या, नंदीशच्या बहिणीनं लातूरहून व्हिडिओवर आत्याचा मान घेतला आणि नाव घेतलं, अर्पिता. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वहिनी माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "म्या मंगळवारीच ठिवलंय. ह्यांना आज कळलं."

फोन बंद झाला. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. थोरले बंधू म्हशीकडं गेले. वहिनी उठल्या, बाहेर आल्या, माझ्या जीपमधून गाठोडं काढलं. मला वाटलं, आता सुपारी-तांदूळ झाडाबुडी सोडतील, झाला प्रवास. पण त्या आमच्या उंबऱ्याकडं वळल्याच नाहीत. थेट नसीमबीच्या दारात गेल्या. नसीमबी लगबगीनं त्यांच्या पुढं होऊन आत शिरली, गाठोडं हातात घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं,

"कुठं निघालीस, सारजाक्का?"

"मस्कतला."

"कधी?"

"ते न्हाय ठरलं. पर निघाले."

नसीमबीनं गाठोडं कोनाड्यात ठेवलं, वर भगुणं घातलं. व्हिसा नाही, तिकीट नाही, वारसुद्धा बघितलेला नाही. एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवशी मी जीप पुसत उभा राहिलो आणि डोळेही पुसून घेतले.

गाठोडं अजून तिथंच आहे. वहिनी रोज ओट्यावर तुरीची डाळ निवडतात, दादांवर आणि माझ्यावर आळीपाळीनं खेकसतात. परवा जनगणनेचा माणूस आला. घरात किती माणसं राहतात म्हणून त्यानं विचारलं. मी मोजून सांगितली, तर ओट्यावरून वहिनी म्हणाल्या, "मला धरू नगा. म्या निघालेली हाय."