पॅस्कॉल आणि आगाऊ सूर

आमच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पॅन, म्हणजे पिंपाचं वाद्य, सुरात जुळवणाऱ्याला पाद्र्याहून जास्त मान. तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून सूर काढणं हे साक्षात देवाचं काम, असं निदान ल्युशियन पॅस्कॉलचं मत होतं. कानात बोळे घालणं हे मात्र त्याच्या मते आजाऱ्यांचं काम. त्यामुळे उभा जन्म उघड्या कानांशी हातोडी.

कार्निव्हलच्या स्पर्धेआधी सगळी पॅनं एकमेकांशी जुळवून घेतात. मी शाळामास्तरीण, बँडच्या पुढच्या रांगेत वाजवते; माझ्या पॅनपाशी पॅस्कॉलसाहेब थबकले.

"मास्तरीणबाई, यात एक आगाऊ सूर किंचाळतोय. पाडलंत ना?"

"नाही हो काका."

"मग भूत शिरलंय?"

ठोकलं. सूर हटेना. शेजारच्या पॅनमध्येही तोच! संध्याकाळपर्यंत पुढच्या रांगेची वाट लागली आणि किंचाळी ठणठणीत. दोष आधी समुद्राच्या हवेचा, मग आमच्या चालचलणुकीचा.

एवढ्यात त्याची बायको थेल्मा भाताचा डबा घेऊन आली. तिने पॅनवर चादर टाकली. "आता येतो आवाज?"

"येतो."

"झालं तर. घरी पंखा बंद केला की हे विचारतात, शिट्टी कोण वाजवतंय. मला वाटायचं, लाडात आलेत."

शिट्टी पॅनमध्ये नव्हती, याच्याच कानात होती. पॅस्कॉलचा चेहरा पार उतरला. दिवसभर चरफडत होते मी, पण तेव्हा रागच विरला. कान गेला तर या माणसाने हातोडी घेऊन करायचं काय?

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गोंगाटाने कानाची वरच्या सुरांची जाण कमी झालीय, शिट्टी बाहेर नाहीच. ती कदाचित जाणार नाही, पण सवयीने मागे पडेल. ठोकताना कानात बूच घाला, शांततेत मंद रेडिओ लावा, तिच्या मागे लागू नका.

"म्हणजे औषध काय, तर दुर्लक्ष!" पॅस्कॉल फणफणला. "ते तर थेल्मा लग्नापासून माझ्याकडे करतेय."

तरी दुसऱ्या दिवशी बूच घालून स्वारी हजर. बिघडवलेली पॅनं एकेक सुधारत माझ्यापाशी आली. खालचे सूर झटपट जमले. सगळ्यात वरच्या सुराशी हात अडखळला. बूच काढून ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही सांगा."

"थोडा चढवा."

टक.

"अजून किंचित."

टक.

"बस."

आणि पॅस्कॉल थांबला.