एकाच आईपुरती जागा

मानवतच्या धुरपदाबाईंना कोणी तब्येत विचारली, की त्या आधी समोरच्याची विचारायच्या, मग त्याच्या बायकोची, मग त्याच्या गाभण म्हशीची. इतकं होईस्तोवर विचारणारा आपला प्रश्न विसरून गेलेला असायचा. बाईंना साखर होती, रक्तदाब होता, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या होत्या. पण त्या गोळ्या अशा गिळायच्या, जणू दुसऱ्या कोणाच्या आजाराच्या आहेत आणि आपण फक्त शेजारधर्म पाळतोय. वय सहासष्ट. तोंड फटकळ. गल्लीत कोणाची चूक दिसली, तर ती पोटात ठेवणं त्यांच्यानं व्हायचं नाही. निदान सगळ्यांचा समज तरी असाच होता.

त्यांची सून शिवकन्या याच्या अगदी उलट. बोलायला कमी, पण नजर तिखट. एका बियाणे कंपनीच्या गोदामात ती नोकरीला होती. पिशवीवरचा लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, वापरायची मुदत, हे बारीक अक्षर दिवसभर वाचायचं आणि जुळवायचं, हेच तिचं काम. त्यामुळे पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फेब्रुवारीत आरोग्य विम्याचा कागद आला, तेव्हा गोदामातल्या अकरा माणसांपैकी तो शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच निघाली. बाकीच्यांनी 'विमा' आणि 'मोफत' एवढे दोन शब्द वाचले आणि मोबाइलवर अंगठा दाबून मोकळे झाले.

कागदात लिहिलं होतं ते असं. कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं यांना विमा मोफत. पगारातून थोडी कपात मान्य असेल, तर आई-वडिलांनाही घेता येईल, किंवा सासू-सासऱ्यांना. दोन्हीपैकी एकच जोडी. एकदा दिलेलं नाव बदलता येणार नाही. आधीपासूनच्या आजारांचा खर्चही पहिल्या दिवसापासून मिळेल. मुदत पंधरा दिवस.

हा नियम ज्या कोणी केला, त्याला बहुधा सासू तरी नसावी किंवा आई तरी नसावी. शिवकन्याला दोन्ही होत्या. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, सासरे त्याच्याही आधी गेले होते. जोड्या मोडलेल्याच होत्या. राहिल्या होत्या दोन बाया, आणि रकान्यात जागा होती एकीपुरती.

तिची आई कस्तुराबाई तिकडे चारठाण्याला. भाऊ बजरंग आणि भावजय दिवाळीनंतर ऊस तोडायला जायची ती उन्हाळ्यातच परतायची. तोवर दोन नातवंडं आणि चार शेळ्या कस्तुराबाईच्या हवाली. तिनं स्वतः बावीस हंगाम ऊस तोडला होता, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढली होती. शिवकन्या पोटात असताना आणि ती झाल्यावर महिन्याच्या आतही. शिवकन्यानं फोन करून विचारलं, माय, तुला काही दुखणं-खुपणं आहे का, इथं लिहायचंय. "मला काय धाड भरलीय," असं म्हणून कस्तुराबाईनं एका शेळीला दोन करडं झाल्याची बातमी दिली. विषय तिथंच संपला.

शिवकन्यानं मग शांत डोक्यानं हिशेब मांडला. आजारी माणूस कंपनीच्या विम्यात घालावं, कारण तिथं आजार विचारत नाहीत. धडधाकट माणसाला बाहेरून पॉलिसी घ्यावी, कारण ती स्वस्त पडते. बाहेरची एकच पॉलिसी परवडण्यासारखी होती, दोन नव्हत्या. सरकारी योजनेचं कार्ड घरात होतंच, पण कोणतं दुखणं त्यात बसतं आणि कुठल्या दवाखान्यात, हे ऐनवेळी शोधत फिरायचं तिच्या जिवावर यायचं. तेव्हा सासू, म्हणजे तिच्या आत्याबाई, कंपनीत आणि माय बाहेर. तिनं मोबाइलवर सासूचं नाव भरून ठेवलं, फक्त पाठवायचं बाकी ठेवलं. हिशेब चोख होता. तरी नाव भरताना तिला आधी मायचं नाव आठवलं, हे खरं. आपल्या कष्टाच्या नोकरीत पहिली जागा आपल्या मायला द्यावी असं कोणत्या लेकीला वाटणार नाही? पण हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

नवरा ओमप्रकाश विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. त्याच्या दुकानात महारुद्र नावाचे एक विमा एजंट उठबस करायचे. शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बोलायला गोड, खांद्याला कायम पिशवी. रविवारी सकाळी ते कस्तुराबाईचा फॉर्म भरायला घरी आले. धुरपदाबाई बाजूला बसून तूर निवडत होत्या. महारुद्र एकेक प्रश्न वाचत गेले. वय? बासष्ट. साखर? नाही. रक्तदाब? नाही. आधीचं काही दुखणं, एखादं ऑपरेशन? शिवकन्या म्हणाली, नाही, काहीच नाही.

धुरपदाबाईंचा हात सुपात थांबला. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "महारुद्रराव, तुमी जरा दुकानात जाऊन ओमप्रकाशसंगं चहा घेऊन या."

चहा घरातही झाला असता. पण महारुद्र शहाणे. पिशवी तिथंच ठेवून ते निमूट उठले.

मग धुरपदाबाईंनी सुनेला जवळ बसवलं. तीन वर्षांमागं शिवकन्याला डेंगी झाला होता, तेव्हा कस्तुराबाई आठ दिवस येऊन राहिली होती. एके दिवशी न्हाणीच्या मागं, कोणाच्या नजरेला पडू नये अशा जागी धुरपदाबाईंना कापडाच्या घड्या वाळत घातलेल्या दिसल्या. साठीकडं झुकलेल्या बाईला कशाला लागतात हे कपडे? त्यांनी सरळ विचारलं. आधी कस्तुराबाईनं उडवून लावलं, मग पदर तोंडाला लावून रडली, आणि मग शिवकन्याच्या गळ्याची शपथ घातली, की हे कुणाला सांगायचं नाही.

"तुज्या मायची पिशवी खाली आलीय, पोरी," धुरपदाबाई म्हणाल्या. "अंग बाहीर येतंय. आठ-नऊ वरीस झालं. कापड बांधून फिरायलीय ती. आता लघवीलाबी तरास व्हायलाय. परवा फोनवर मला म्हणली, इहीणबाई, आता बसवंना. आज तुजी शपथ मोडली मी. पाप लागायचं ते मला लागू दे."

नऊ वर्षं. या नऊ वर्षांत शिवकन्या किती वेळा माहेरी गेली होती, मायच्या हातची भाकरी खाऊन, मायनं भरून दिलेली पिशवी उचलून एसटीत बसली होती. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर जिच्या नजरेतून सुटत नाही, तिला आईच्या चालण्यातला फरक दिसला नव्हता. ती हुंदके देऊन रडली. धुरपदाबाईंनी तिला रडू दिलं. मधेच एकदा पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं सुपातला एक खडा काढून टाकला.

शिवकन्याचं रडणं ओसरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कंपनीत मायचं नाव घाल. बाहीरच्यात माजं."

शिवकन्या नाही म्हणाली. बाहेरच्या पॉलिसीचा कागद तिनं ओळ न ओळ वाचला होता. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं काही मिळणार नव्हतं. साखर, रक्तदाब आणि त्यातून उद्भवणारं जे काही असेल, म्हणजे हृदय, मूत्रपिंड, लकवा, सगळं तीन वर्षं बाहेर. आत्याबाईंना धोका होता तो नेमका याच गोष्टींचा. हे सगळं तिनं सासूला समजावून सांगितलं. एका आईला आडोसा द्यायचा म्हणून दुसरीला उन्हात बसवायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं.

"तीन वरीस मला पडायचं न्हाई," धुरपदाबाई म्हणाल्या. "एवढंच ना?"

"आत्याबाई, ते काय आपल्या हातात हाय का?"

"थोडं हाय. च्यात साखर घालायची न्हाई, गोळी चुकवायची न्हाई. उरलेलं बघंल देव. तिचं तर आजच हाय, माजं कदी तरीचं हाय. कुणाला आदी घालावं, हे काय शिकल्या-सवरल्या बाईला सांगावं लागतंय?"

महारुद्र परतले तेव्हा फॉर्मवरचं नाव बदललं होतं. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. साखर या शब्दापाशी महारुद्रांनी पेन उचललं आणि आवाज खाली आणून सुचवलं, की न लिहिलेलं बरं, हप्ता वाढतो, शिवाय तीन वर्षांची भानगडही राहत नाही. सगळेच असं करतात. धुरपदाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की पेन आपोआप कागदावर टेकलं. लपवून घेतलेला विमा ऐनवेळी कसा अंगाशी येतो, हे शिवकन्यानं त्यांना सांगितलं. महारुद्रांना ते ठाऊक होतंच. त्यांनी 'आहे' लिहिलं. शेवटी मोठी पॉलिसी परवडली नाही. तीन लाखांची घेतली, तीही दर बिलातला पाचवा हिस्सा आपल्या पदरचा, अशा अटीवर.

ओमप्रकाशला हे रुचलं नाही. त्यात त्याचं काय चुकलं? स्वतःची आई सुरक्षित जागेवरून उठवून दुसऱ्याची बसवायची, हे कोणत्या मुलाला गोड लागेल? दोन दिवस तो बायकोशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी धुरपदाबाई स्वतः दुकानात जाऊन त्याच्या समोरच्या स्टुलावर बसल्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. संध्याकाळी तो सासूला दाखवायला कोणती डॉक्टरीण चांगली, याची चौकशी करूनच घरी आला.

मुदत संपायला एक दिवस उरला असताना शिवकन्यानं कंपनीच्या रकान्यातलं सासूचं नाव पुसून कस्तुराबाईचं भरलं आणि पाठवून दिलं. मग सासू-सुना चारठाण्याला गेल्या. शपथ मोडली म्हणून कस्तुराबाई आधी रागावली, मग लाजली. या वयात कोण्या डॉक्टरापुढं निजायचं म्हणून अडूनही बसली. धुरपदाबाईंनी तिला आत नेऊन दार लोटून घेतलं. बाहेर शिवकन्या शेळीच्या करडांना पाला घालत बसली. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि कस्तुराबाई परभणीला यायला तयार झाली होती. कंपनीचा विमा कंपनीनं आईसाठी दिलाय, एवढंच तिला सांगितलं होतं. कोणाची जागा, कोणाचं नाव, हे धुरपदाबाईंनी गाळलं.

नवीन वर्षाचा विमा एप्रिलपासून सुरू झाला. बजरंग आणि त्याची बायको परत आल्यावर शेळ्या त्यांच्याकडं सोपवून मे महिन्यात कस्तुराबाईचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. इतकी वर्षं का काढली, असं त्यांनी एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही. चार दिवस धुरपदाबाई खाटेशेजारी बसून राहिल्या. दवाखान्यात बिनसाखरेचा चहा मिळत नव्हता, म्हणून कोरं गरम पाणी प्यायल्या आणि त्याची चव कशी छान लागते हे आयांना, नर्सना, शेजारच्या रोग्यालाही सांगत राहिल्या. कोणाला पटलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी शिवकन्या कागद घेऊन काउंटरवर गेली. थोडंफार भरावं लागलं, बाकीचं विम्यातून झालं. ती परत आली तेव्हा कस्तुराबाई उशीला टेकून बसली होती. रिकाम्या वेळात तिनं लेकीचा मोबाइल उघडून त्यातला विम्याचा कागद शिवकन्याच्या मुलाकडून वाचून घेतला होता, आणि पोरगं आईसारखंच शेवटपर्यंत वाचणारं निघालं. 'किंवा सासू-सासरे, दोन्हीपैकी एकच जोडी' हेही त्यानं वाचून दाखवलं.

लेकीला सोडून कस्तुराबाई विहिणीकडं वळली.

"इहीणबाई, ही जागा तुमची व्हती?"

धुरपदाबाई कपडे पिशवीत भरत होत्या. त्या म्हणाल्या, जागा नोकरीची, नोकरी सुनेची, आपला काय संबंध?

"खरं सांगा."

"व्हती," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी उठले. तुमाला बसायची गरज व्हती."

"आन् तुमाला काई झालं तर?"

"तीन वरीस काई व्हनार न्हाई."

"झालं तर?"

धुरपदाबाईंनी पिशवीची गाठ मारली. शिवकन्यानं खाली मान घातली. तीन वर्षांतला एकेक दिवस तिलाही मोजायचा होता.

"झालं तर तुमी हायताच की," धुरपदाबाई म्हणाल्या. "आता तर धडधाकट झालात. चार दिस मी बसले तुमच्यापाशी, तवा तुमी बसा."

कस्तुराबाईनं हात पुढं केला. धुरपदाबाईंनी तो धरला, आणि पहिल्यांदाच विहिणीला त्यांचा हात किती गार पडलाय ते कळलं.

"बसंन," कस्तुराबाई म्हणाली. "शेळ्या इकून येईन."