नाव न घेतलेलं दुखणं

डॉक्टरांनी कापसाचा छोटासा बोळा माझ्या डाव्या बरगडीखाली अलगद फिरवला आणि मी झटकन मागे सरकले. "टोचलं?" त्यांनी विचारलं. "नाही, भाजलं," मी म्हणाले. त्यांनी बोळा ट्रेमध्ये ठेवला. "याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात. ज्यानं दुखायला नको, त्यानं दुखणं. हे न्यूरोपॅथिक पेन आहे, म्हणजे नसांचं दुखणं."

त्या क्षणी मला हसावं की रडावं कळेना. बोरी अरब गावाजवळच्या आमच्या घरात वेचणीच्या दिवसांत पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरायची. आम्ही भावंडं त्याच ढिगावर झोपायचो. त्या उबेची सर पुढे कोणत्याच गादीला आली नाही. आता तोच कापूस मला भाजत होता.

हे लिहिते आहे ते अशा दुखण्यात अडकलेल्यांसाठी. माझी चूक तुमच्याकडून होऊ नये.

उन्हाळ्यात डाव्या कुशीला आधी आग झाली, मग फोडांचा पट्टा उठला. माय माझ्याजवळच यवतमाळला राहते. तिनं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि गेरूचा लेप लावला. आमच्या घरी या आजाराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते कमरेभोवती वाढतं आणि तोंड-शेपूट जुळली की माणूस जातो, असं मायनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. ती फक्त "ते निंगालं" म्हणायची. मी घराण्यातली पहिली पदवीधर, बत्तीस पोरांना विज्ञान शिकवणारी. मीही "ते"च म्हणत राहिले.

खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. पंख्याचा वारा सोसेना, ब्लाउजची कड सोसेना. डावी बाजू म्हणून हृदयाची भीती वाटली. ईसीजी झाला, इको झाला, दोन्ही नॉर्मल. पेनकिलरनं गुण येईना. एका दवाखान्यात विचारलं, "हर्पीस झाला होता का?" तो शब्द मी फक्त लाजिरवाण्या रोगांच्या यादीत वाचला होता. मी ताठ मानेनं "नाही" म्हणाले.

या सगळ्यात खरी ओढाताण घरात होती. मायचे गुडघे गेलेले. खाटेवरून उठताना ती माझ्या कमरेला धरायची. आता तिचा हात लागला की मी अंग चोरायचे.

"काहून व, माह्या हाताले काटे फुटले काय?" ती आधी हसून म्हणाली. नंतर टोमणा आला. "मास्तरीन झाली बाई. माय हात लावन तं साडी मळन." मग तेही थांबलं. ती भिंतीला धरून एकटीच उठू लागली. ती पडेल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की तिनं माझ्याकडे हात करणंच सोडलं तर उरलेले दिवस आम्ही एका घरात परक्यासारख्या काढू.

म्हणून कापूस फिरवणाऱ्या या डॉक्टरांकडे येताना मी तिलाही सोबत आणलं होतं. त्यांनी कुशीवरचे डाग पाहिले. "इथं काय उठलं होतं?"

"पुरळ."

"कसली?"

मी मायकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"नागीण होती का?"

"नाव नोका घेऊ डाक्टर," माय घाईनं म्हणाली.

"आजी, ती केव्हाच गेली. जाता जाता घराची वायरिंग जाळून गेली."

मग त्यांनी समजावलं. पोस्ट-हर्पेटिक न्यूरॅल्जिया, म्हणजे नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेलं नसांचं दुखणं. नागिणीलाच हर्पीस झोस्टर म्हणतात, विषाणू कांजिण्यांचाच. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी तो नसांच्या मुळाशी निजून राहतो आणि वय झाल्यावर जागा होतो. जळालेली नस मग खोटे निरोप पाठवत राहते. "काहींचं दुखणं मागे का राहतं, यावर अजून संशोधन चालू आहे. पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही," ते म्हणाले. या प्रामाणिकपणाचे मी आजही आभार मानते.

मला कांजिण्यांचे ते दिवस आठवले. कडुनिंबाच्या पाल्यावर निजलेली मी, आणि वावरात न जाता दिवसभर डहाळीनं वारा घालणारी माय. तेवढी सलग ती मला पुन्हा कधी मिळाली नाही. त्या दिवसांतलं काहीतरी इतकी वर्षं माझ्या अंगात निजून होतं.

मायनं विचारलं, "म्हंजे माह्या लेपानं नाही झालं हे?"

"नाही आजी."

इतके महिने ती हे मनात घेऊन भिंतीला धरत होती.

फिट्सवर देतात तसलं एक औषध नसांसाठी सुरू झालं. सुरुवातीला गरगरायचं, वर्गात मी खुर्ची धरून शिकवायचे. हळूहळू आग कमी झाली. गेली नाही. तुमच्या घरी असा पट्टा उठला तर लगेच डॉक्टरांकडे जा, आणि नाव घ्या. लवकर औषध मिळालं तर त्रास कमी होतो. लसही निघाली आहे, त्याबद्दल विचारा.

आता माय उठताना विचारते, "कोन्या बाजून धरू व?" मी उजवी कूस पुढे करते. कधी झोपेच्या तंद्रीत ती विसरते आणि डावीकडेच धरते. थोडी आग होते. ती नीट उभी राहीपर्यंत मी हलत नाही.